हार्ड डिस्कचं सोंग घेतलेली एसएसडी

लॅपटॉप रखडायला लागला की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार असो की गल्लीतला रिपेअरवाला, सल्ला ठरलेला: "हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका." एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवणारी डिस्क. मागचं झाकण उघडायचं, चार स्क्रू काढायचे, जुनी डिस्क ओढायची आणि त्याच खाचेत नवी सरकवायची. हे काम इतकं सोपं राहिलं, कारण एसएसडीने पहिल्यापासून हार्ड डिस्कचं सोंग घेतलं. त्या सोंगाची किंमतही बरीच वर्षं मोजावी लागली.

आधी मूळ दुखणं. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि ती मिनिटाला ३,६०० फेरे फिरायची. तीस वर्षांनी साध्या लॅपटॉपमध्ये १ टीबीची डिस्क आली, तिचे फेरे ५,४००. म्हणजे साठवण लाखपट वाढली आणि फिरण्याचा वेग फक्त दीडपट. या वेगाने एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा मजकूर वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. हेड त्या ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या वर्तुळावर, न्यायला आणखी बाराएक. हिशेब केला तर विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला साठच्या आसपासच वाचनं होतात. सलग फाइल असेल तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी देते, त्यामुळे सिनेमा बघताना काहीच जाणवत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीकसारीक फाइली उघडल्या जातात. विंडोज १० आल्यावर अपडेट, इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची सूची करणं) आणि अँटिव्हायरस एकदमच डिस्कवर तुटून पडू लागले. टास्क मॅनेजर उघडावा तर 'डिस्क १००%' आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला एखाददुसरा एमबी! प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला.

यावरचा उपाय जपानमध्ये केव्हाच तयार होता. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली आणि १९८७मध्ये तिचा नँड हा प्रकार. आजच्या पेनड्राइव्हपासून एसएसडीपर्यंत सगळीकडे नँडच असते. वीज गेली तरी मजकूर टिकतो आणि फिरणारा एकही भाग नाही. कंपनीने मासुओकांची कदर केली असं म्हणणं अवघड आहे. ते २००४मध्ये कोर्टात गेले आणि दोन वर्षांनी ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. फ्लॅशने उभ्या केलेल्या बाजारापुढे ही रक्कम चिल्लरच.

१९८८मध्ये अमेरिकेत सनडिस्क ही कंपनी निघाली, तीच पुढची सॅनडिस्क. एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरचे संजय मेहरोत्रा हे तिचे संस्थापक. मेहरोत्रा आता मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनचे प्रमुख आहेत. या कंपनीने १९९१मध्ये आयबीएमला २० एमबीची एसएसडी पुरवली, सुमारे १,००० डॉलरला एक. आकार अडीच इंची, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचाच, आणि संगणकाशी बोलायची भाषाही तिचीच. फक्त फ्लॅशसाठी कोणी नवं यंत्र घडवणार नव्हतं, तेव्हा आयत्या जागेत शिरणं हाच व्यवहार होता.

पुढची पंधरा वर्षं हा माल सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहिला. २००८च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ६४ जीबीच्या एसएसडीसाठी ९९९ डॉलर जादा मोजावे लागत. त्याच वर्षी इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम ५९५ डॉलरला आली आणि ती साध्या लॅपटॉपमध्येही बसत होती. जुन्या लॅपटॉपचा कायापालट हा प्रकार खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला, असं मला वाटतं.

सोंग अंगाशी आलं तेही इथेच. हार्ड डिस्कवर जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येतो. फ्लॅशमध्ये आधी पुसावं लागतं, तेही एक अख्खा ब्लॉक, म्हणजे लिहिण्याच्या अनेक पानांचा गठ्ठा, मिळून. फाइल डिलीट केली की विंडोज फक्त आपल्या नोंदवहीत काट मारायची, एसएसडीला ते कळायचंच नाही. मेलेला मजकूर ती जपत बसायची आणि काही महिन्यांत मंदावायची. २००९च्या विंडोज ७मध्ये कोणता मजकूर मेला हे एसएसडीला सांगणारी ट्रिम आज्ञा आली तेव्हा हा घोळ निस्तरला. जुन्या विंडोज एक्सपीची डिस्क जशीच्या तशी क्लोन करणाऱ्यांना आणखी एक खोडा होता. एक्सपी पहिलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) ६३व्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कवरच्या ६३व्या छोट्या तुकड्यापासून, सुरू करायची, त्यामुळे ते फ्लॅशच्या पानांशी जुळत नसे आणि एका पानाऐवजी दोन पानं लिहावी लागत.

जाडीचीही गंमत होती. हार्ड डिस्क साधारण ९.५ मिलिमीटर जाड, एसएसडी ७. उरलेली फट भरायला अनेक एसएसडींच्या खोक्यात अडीच मिलिमीटरची काळी प्लास्टिकची चौकट यायची. ती न लावता डिस्क बसवली की काही लॅपटॉपमध्ये ती हलायची आणि कनेक्टर सैल व्हायचा. जागा जास्त हवी असणारे डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत जुनी हार्ड डिस्क बसवत. २०१३मध्ये सॅमसंगने फ्लॅशचे थर एकावर एक रचायला सुरुवात केली, आधी २४. पुढे थर वाढत गेले तसे भावही हळूहळू मध्यमवर्गाच्या खिशाला झेपू लागले.

तोवर साटाची, म्हणजे हार्ड डिस्क आणि एसएसडी संगणकाला जोडणाऱ्या कनेक्शनची, मर्यादा आड येऊ लागली होती. कितीही चांगली चिप घातली तरी सेकंदाला ५५०-६०० एमबीच्या पुढे हे कनेक्शन जात नाही. एकाच रांगेत ३२ आज्ञा, एवढीच त्याची झेप. २०११मध्ये खास फ्लॅशसाठी एनव्हीएमई ही नवी पद्धत ठरली आणि तिच्यात ६४ हजारांवर रांगांची सोय झाली. मग बोर्डावरच्या एम.२ या छोट्या खाचेतली च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी आली. पण त्याच आकारात साटावालीही मिळते, त्यामुळे न बघता चुकीची उचलणारे अजून भेटतात.

सोंग उतरलं तसा आकार जपण्याचा धाकही संपला. अ‍ॅपलने २०१६च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये फ्लॅश चिप थेट बोर्डावरच डकवल्या. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी ही साधी फ्लॅश चिपही तशीच. तिथे स्क्रू उघडून उपयोग नाही. जुन्या अडीच इंची खाचेच्या लॅपटॉपचं दुखणं वेगळं. एसएसडीने ते पळतात, पण विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला. त्यामुळे आता त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स चढतंय.