टायर मोठे झाले, मीटर मात्र जुनाच हिशेब करतो

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगाचं चलान आलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मीटर तर शंभरच्या आत होता." मूळ टायर असतील तर हे सहसा पटत नाही, कारण कंपनीचा मीटर मुळातच थोडा चढा दाखवतो. गाडीला मोठे टायर टाकले असतील, तर मात्र ते खरं असू शकतं.

आधी एक गैरसमज दूर करू. रिम मोठी टाकली की मीटर चुकतो, असं सर्रास सांगितलं जातं. स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. १६५ मिमी ही रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी ही साइडवॉलची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि १४ इंचांचे ३५५.६ मिमी त्यात मिळवायचे. एकूण व्यास ६१९.६ मिमी. वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ याच रीतीने ६२१.५ मिमी भरतो. रिम पूर्ण एक इंचाने वाढली, फरक पडला ०.३ टक्के. मीटरला रिमशी घेणंदेणं नाही, बाहेरच्या मापाशी आहे.

स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त फेरे कळतात. ऑटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत केबलने फिरणारं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरा-प्रवाह (धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण करतं आणि वाटी स्प्रिंगच्या विरोधात काटा ओढते. आजच्या गाडीत सेन्सरचे स्पंद मोजले जातात. दोन्हींत एका फेऱ्यामागचं अंतर कारखान्यातच ठरलेलं असतं.

हे अंतर नेमकं किती, यातच खरी गंमत आहे. ६२१.५ ला पायने (३.१४) गुणलं तर १,९५२ मिमी येतात. गाडी प्रत्यक्षात एका फेऱ्यात साधारण १,८९५ मिमीच सरकते. म्हणून रेडियल टायरसाठी (मापातला 'आर' तो हाच) पायऐवजी ३.०५ हा गुणक धरतात. मग वजनाने दबलेली त्रिज्या घेऊन हिशेब केला तर? समजा चाकाचा आस जमिनीपासून २८५ मिमीवर आला. त्यावरून परीघ १,७९१ येतो, म्हणजे फारच कमी. याचं कारण नक्षीखालच्या पोलादी तारांच्या पट्ट्यात आहे. हा पट्टा जवळजवळ ताणतही नाही, आखडतही नाही. रणगाड्याची साखळी जशी आपली पूर्ण लांबी जमिनीवर अंथरत जाते, तसा तो दर फेऱ्याला आपली लांबी रस्त्यावर अंथरतो. आस किती खाली बसला याने त्या लांबीत फारसा बदल होत नाही. शिवाय पट्टा रबराच्या आत असल्यामुळे बाहेरच्या परिघापेक्षा तो आखूडच असतो.

म्हणूनच चार-पाच पीएसआय हवा कमी झाली तरी मीटरवर ते जाणवत नाही. काही गाड्या याच इवल्याशा फरकावरून, एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) चारही चाकांचे आकडे एकमेकांशी ताडून, हवा कमी झाल्याचा दिवा लावतात. नायट्रोजन भरल्याने मीटर आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतात, या जाहिरातीला बळी पडू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला हवा तपासण्याचा फायदा त्याहून मोठा आहे.

आता ज्यात खरोखर फरक पडतो ते उदाहरण. थारचा २४५/७५ आर १६ टायर ७७३.९ मिमी व्यासाचा. त्याजागी २८५/७५ आर १६ टाकला की व्यास ८३३.९ होतो, म्हणजे ७.७५ टक्के जास्त. मीटर १०० दाखवताना खरा वेग आधी ९५ असेल, तर आता तो १०२ असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार काटा खऱ्या वेगाच्या खाली कधीच नसावा; वर असला तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकाच. ही वरची सवलत मोठ्या टायरने खाऊन टाकली. एकूण किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरमध्ये अशी सवलत सहसा नसते, त्यामुळे १,००० किमी धावूनही तो ९२८ नोंदवतो. कागदावर ॲव्हरेज १३ आलं, तर ते खरं १४ असतं. मोठे टायर डिझेल जास्त पितात हे खरंच, पण त्या तक्रारीतला काही भाग निव्वळ हिशेबाचा असतो.

दुरुस्तीआधी मोजमाप करा. टायर थंड असताना ठरलेली हवा भरा. ड्रायव्हर सीटवर बसवून टायर आणि जमीन दोन्हींवर खडूची खूण करा. गाडी सपाट जागेवर ढकलत पूर्ण दहा फेरे न्या आणि टेपने अंतर मोजा. इंजिनाने चालवू नका, चाक घसरतं. जुना टायर २३.६० मीटर आणि नवा २५.४३ मीटर आला, तर गुणोत्तर १.०७७५. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर ४०, ६० आणि ८० ला वेग दहा सेकंद स्थिर ठेवून शेजारच्याला जीपीएसचे आकडे टिपायला सांगा. फरक सगळीकडे सारखाच राहिला तर तो कंपनीने ठेवलेला; वेगाच्या प्रमाणात वाढत गेला तर त्यात टायरचाही वाटा असू शकतो.

केबलच्या जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्सकडचं प्लास्टिकचं पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक, बदलतात. समजा त्याला २१ दात आहेत. २१ भागिले १.०७७५ म्हणजे १९.५. अर्धा दात मिळत नाही, म्हणून १९ घ्या. दात कमी झाले की केबल जोरात फिरते आणि काटा किंचित वरच राहतो. गिअरबॉक्सवर स्वतंत्र सेन्सर असेल तर त्याच्या तारेत स्पंद गुणणारा कॅलिब्रेटर बसतो. त्याला बारा व्होल्ट, अर्थ, सिग्नल आत आणि सिग्नल बाहेर अशा चार तारा असतात. नव्या गाड्यांत वेग एबीएसच्या मॉड्यूलकडून येतो. तिथे स्कॅनर लावून नवा परीघ भरावा लागतो, आणि काही मॉडेलमध्ये ती सोयच नसते. चाकाच्या एबीएस सेन्सरची तार कापून मध्ये डबा बसवायला कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. एबीएस चारही चाकांची तुलना करतं. एका चाकाचा आकडा खोटा झाला, तर ब्रेक ऐनवेळी सुटू शकतात.

अर्ध्या टक्क्यासाठी झुरू नका. नक्षी ८ वरून १.६ मिमीवर आली की थारच्या या मोठ्या टायरचा व्यास दीड टक्क्याने घटतो. मीटरमधला फरक त्याहून कमी, पण तोही रोज थोडा थोडा सरकत असतो. दुरुस्तीनंतर किलोमीटरच्या दगडांवर १० किमीची फेरी मारा. ओडोमीटर ९.९ ते १०.१ मध्ये आला की काम झालं. पिनियनमध्ये १९ दात घेतले असतील तर १०.२६ च्या आसपास येईल. काटा जीपीएसपेक्षा दोन-चार किलोमीटर वर राहिला, तर तो तसाच राहू द्या.