धो धो पावसातली तहान

कोकणात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. इथं पावसाळ्यात पाण्यावाचून पीक करपतं म्हटलं तर घाटावरचा पाहुणा हसेल. पण ऑगस्टात आठ दिवस उघडीप मिळू दे, मग डोंगरउतारावरचं वरकस, म्हणजे हलकी जमीन, बघा. जांभ्या दगडावरचा मातीचा थर पातळ आणि सच्छिद्र. पडलेलं पाणी मुरून-वाहून खालच्या मळ्यात उतरतं. मळ्यातलं भात मजेत असतं. वर मात्र भाताचा निभाव लागत नाही, तिथं नाचणी लागते.

नाचणीची खुबी तिच्या पानात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) करतं, पण ते जरा गोंधळी आहे. ऊन तापलं की चुकून ऑक्सिजनलाच धरतं आणि पिकाची कमाई फुकट जाते. भाताच्या पानात हे सतत चालतं. नाचणी मात्र ज्वारी-मक्यासारखी सी-4 गटातली. ती कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करते, शिरांभोवतीच्या पेशींत कोंडते आणि रुबिस्कोला तिथंच कामाला लावते. इतक्या दाटीत चूक व्हायला फारसा वाव नाही. शिवाय पानावरची रंध्रं सताड उघडी ठेवावी लागत नाहीत, म्हणजे पाणीही कमी उडतं.

आता गंमत बघा. शतकानुशतकांच्या पावसानं जांभ्याच्या मातीतला चुना, म्हणजे कॅल्शियमच, धुऊन नेलेला, उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्या मातीत वाढून नाचणीच्या 100 ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहा. नाचणीतलं ते सगळं अंगी लागत नाही, कारण दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला बांधून ठेवतं. मोड आणले किंवा आंबवलं की फायटेट कमी होतं. आजीच्या आंबिलीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. तिला फायटेट ठाऊक नव्हतं, पोट ठाऊक होतं.

दाणा मोहरीएवढा आणि कडक, त्यामुळे किडीला सहज दाद देत नाही. कणगीत वर्षानुवर्षं टिकतो. भात बुडालं त्या साली चूल या कणगीवर पेटायची.

भात कापलं की मळ्यातल्या उरल्या ओलीवर दक्षिण कोकणात कुळीथ, रायगडाकडे वाल. पाणी द्यायचं नाही, खत नाही. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र देतात. थंडीत कुळथाची पिठी आणि भात असला की बाजाराची गरज मिठापुरती.

1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागा आल्या आणि वरकसावर काजू-आंब्याची कलमं उभी राहिली. त्याबद्दल कुरकुर नाही, हाती पैसा आला. जिथं नाचणी अजून लावतात तिथं रात्री डुकरं येतात आणि राखायला माणूस मुंबईला. आमच्या घरी आता नाचणी वाण्याकडून येते. परवा त्याला सहज विचारलं, माल कुठला? म्हणाला, कर्नाटकातला.