पेंड आणि डीओसी: तेल गेलं म्हणजे सत्त्व गेलं का?

"डीओसी म्हणजे सत्त्व काढून घेतलेला चोथा." जनावरांच्या खुराकाबद्दल हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. डीओसी म्हणजे डी-ऑइल्ड केक, जवळपास सगळं तेल काढून घेतलेली पेंड.

पेंड, कुणाची ढेप, सगळ्यांना ठाऊक आहे. तेलबी घाण्यात किंवा एक्स्पेलरमध्ये दाबली की उरते ती. एक्स्पेलरच्या पेंडीत साधारण ६ ते ८ टक्के तेल राहूनच जातं. ते हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढलं की उरते डीओसी. तिच्यात तेल जेमतेम १ टक्का. हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणून नंतर ते वाफेच्या उष्णतेनं उडवून लावतात. तेव्हा 'केमिकलची पेंड' म्हणून नाक मुरडू नका.

खरी गफलत पुढेच आहे. निघून जातं ते तेल. प्रथिनं जागच्या जागी राहतात. १०० किलो पेंडीत ४० किलो प्रथिनं आणि ८ किलो तेल धरा. त्यातलं ७ किलो तेल काढलं, उरला ९३ किलो माल, आणि प्रथिनं तीच ४० किलो. म्हणजे टक्केवारी ४० वरून ४३ वर गेली! घटते ती ऊर्जा. ती धान्याच्या भरड्यानं भरून काढता येते.

"पण तेलानंच दुधाला फॅट लागते ना?" नाही, इतकं सरळ नाही ते. फॅटचा मोठा भाग वैरणीतल्या तंतूपासून कोटीपोटात (जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) तयार होणाऱ्या ॲसेटिक आम्लातून येतो. एकूण आहाराच्या शुष्क भागात स्निग्धांश ६-७ टक्क्यांवर गेला, की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि फॅट उलट उतरते. वैरण कमी आणि पेंड भरमसाट, ही सवय मला अजिबात पटत नाही. नुकतीच व्यालेली, भरपूर दुधाची गाय असेल तर मी थोडी तेलाची पेंड जरूर देईन. बाकी जनावरांना डीओसी आणि भरडा.

सरकीत मात्र तेलापेक्षा टरफलाचा फरक मोठा. टरफलासकट पेंडीत प्रथिनं २२ टक्क्यांच्या आसपास, सोललेलीत ४० च्या घरात. नाव दोन्हींना सरकी पेंडच.

साठवणीत तेलाची पेंड लवकर खवट होते. बुरशी दोन्हींना धरते, आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं. ते दूध उकळूनही जात नाही. बुरशी दिसलेलं पोतं मी उन्हात वाळवून वापरत नाही, फेकतो.