राऊंडला वर यायला किती वेळ मिळतो?

टायमरचा बीप वाजतो, पहिली चार टार्गेट्स झकास जातात, मग ट्रिगर दाबावा तर काहीच होत नाही आणि खाली पिस्तुलाकडे बघितलं तर राऊंडचं (म्हणजे अख्ख्या काडतुसाचं) टोक चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाची, राऊंड बसायची जागा) वरच्या कडेला टेकलंय, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) अर्धवट उघडी. मॅगझिन (राऊंड्स भरायची स्प्रिंगवाली डबी) काढा, स्लाइड मागे ओढा, नवीन मॅगझिन, पुन्हा नेम, एवढ्यात तीन सेकंद कुठे गेले कळत नाही. आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) सारख्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये मिळालेले पॉइंट्स भागिले लागलेला वेळ म्हणजे हिट फॅक्टर, तर १० सेकंदांच्या स्टेजला १३ लागले की तेवढ्याच पॉइंट्सचा हिट फॅक्टर जवळपास पाव हिश्श्याने खाली येतो. नेमबाजीत काही चुकलेलं नसतं, नुसतं एक राऊंड वेळेवर वर आलेलं नसतं.

मी स्वतः बरेच महिने यासाठी पिस्तुलाला दोष देत होतो, मग दारूगोळ्याला. शेवटी सगळ्या मॅगझिन्सवर मार्करने नंबर टाकले आणि प्रत्येक जॅमची वहीत नोंद केली तेव्हा दिसलं की सहापैकी चार मॅगझिन्स एकदाही अडकली नव्हती आणि जवळजवळ सगळे जॅम तीन नंबरचे होते. तेव्हापासून मला मॅगझिन हा पिस्तुलातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वाटतो, कारण त्याचं खरं काम राऊंड्स साठवणं नाहीये, वेळ पाळणं आहे.

बघा, गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) फेकते, परत पुढे येते आणि येताना वरचा राऊंड ढकलत चेंबरमध्ये नेते, हे सगळं मिळून साधारण ५० मिलिसेकंदात होतं. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या दुप्पट वेळ लागतो. आणि मॅगझिनला तर हे ५० पण पूर्ण मिळत नाहीत, कारण बराच वेळ स्लाइडचा खालचा भाग पुढच्या राऊंडला दाबून ठेवूनच वरून सरकत असतो, तो राऊंडच्या बुडाच्या मागे गेला की मगच राऊंड शेवटचे काही मिलिमीटर उचलून लिप्सना (मॅगझिनच्या तोंडाच्या आत वाकवलेल्या कडांना) टेकू शकतो आणि स्लाइड परत यायच्या आत त्याने तिथे पोचलेलं असायला लागतं.

थोडं गणित करू, आकडे मी समजायला घेतलेत, प्रत्येक पिस्तुलात वेगळे असतील. समजा राऊंडला ३ मिमी वर यायचंय आणि हातात ६ मिलिसेकंद आहेत. शाळेतलं सूत्र लावलं तर त्वरण येतं सेकंदाला सेकंदाला १६७ मीटर, गुरुत्वाकर्षणाच्या १७ पट! ९ मिमीचा एक राऊंड १२ ग्रॅमच्या आसपास असतो, मॅगझिनमध्ये २० असतील तर २४० ग्रॅम, आणि एवढी अख्खी रांग एकदम उचलायची म्हणजे स्प्रिंगला ४० न्यूटन बल लावायला लागेल, म्हणजे साधारण चार किलोचं वजन हातात धरल्यासारखं. शेवटचा राऊंड मात्र फॉलोअरसकट (स्प्रिंगवर बसलेला, राऊंड्सना खालून वर ढकलणारा तुकडा) २५ ग्रॅमच्या आत, त्याला ४ न्यूटन पुरतात. म्हणून भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबलेली असूनही तिला सगळ्यात जास्त दमायला होतं. त्यात रिकॉइलने (गोळी सुटल्याच्या उलट्या धक्क्याने) पिस्तूल वर उसळतं, मॅगझिनची बॉडी त्याच्याबरोबर वर जाते आणि राऊंड्स जडत्वामुळे मागे रेंगाळतात, म्हणजे जे अंतर कापायचंय तेच पळून जातंय.

आणि म्हणूनच पिस्तूल ट्यून केलं की मॅगझिन परत तपासायला लागतं. कोणी स्लाइड हलकी करून घेतो, ती जास्त वेगाने पळायला लागते आणि कालपर्यंत व्यवस्थित चालणारी मॅगझिन्स आज मागे पडतात, माणसाला वाटतं स्लाइडचं काम बिघडलं.

आता घर्षण. डबल स्टॅक मॅगझिनमध्ये राऊंड्स एकावर एक नसतात, डावा उजवा डावा उजवा असे नागमोडी बसलेले असतात, त्यामुळे खालून दिलेला जोर नुसता वर जात नाही, प्रत्येक राऊंड शेजारच्याला तिरका ढकलतो आणि थोडा जोर भिंतीवर पडतो, तिथे घर्षणात खर्च होतो. हीच गोष्ट धान्याच्या कोठारात घडते! १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने दाखवलं होतं की उंच कोठारात धान्य कितीही भरलं तरी तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही कारण बराचसा भार भिंतीच पेलतात. मॅगझिन म्हणजे तेच कोठार उलटं, इथे जोर खालून वर जातोय आणि वाटेत गळतोय. समजा प्रत्येक राऊंडपाशी फक्त २ टक्के जोर गेला तर २० राऊंड्सनंतर वर ६७ टक्के पोचतो, पण तीच गळती ४ टक्के झाली तर वर ४४ टक्केच उरतो. म्हणजे भिंतीला बसलेली जराशी धूळ, आतला एखादा ओरखडा, वेल्डिंगचा उंचवटा, हे दिसायला काही नसतं पण प्रत्येक राऊंडपाशी गुणाकार होत जातं. आतून पॉलिश करणं, कोरड्या ब्रशने आणि कापडाने साफ करणं याचा फायदा इथे होतो. तेल मात्र नको, तेलाला रेंजवरची धूळ आणि जळलेल्या पावडरची काजळी चिकटून त्याचा लेप होतो.

ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलासाठी असं दोन राऊंड शेजारी बसवणारं मॅगझिन बेल्जियन डिझायनर डियूदोने सैव यांनी बनवलं, ते पिस्तूल १९३५ मध्ये आलं आणि त्यात १३ राऊंड्स बसायचे. दोन रांगांमधून वर एकच रांग करायची असल्याने मॅगझिनचा गळा निमुळता होतो आणि सगळ्यात जास्त कुचंबणा तिथेच होते.

स्प्रिंगबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का. हुकने १६७८ मध्ये सांगितलेला नियम, जितका ताण तितकं बल, हा मर्यादेच्या आत पाळला जातो. चांगली स्प्रिंग नीट डिझाइन केलेली असेल तर नुसती दाबून ठेवल्याने फार थोडी बसते, पुन्हा पुन्हा दाबून सोडल्याने जास्त थकते. पण इथे एक पण आहे. आयपीएससीच्या ओपन डिव्हिजनमध्ये मॅगझिनची लांबी १७० मिमीपर्यंतच चालते आणि लाँग कोर्सला (मोठ्या स्टेजला) ३२ राऊंड्सपर्यंत लागू शकतात, त्यामुळे प्रत्येकाला तेवढ्याच उंचीत अजून एक राऊंड कोंबायचा असतो, आणि मग स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबली जाते, स्टील मर्यादेच्या बाहेर जातं आणि कायमचं बसतं. जाड तारेची स्प्रिंग टाकावी तर कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, तार १० टक्के जाड केली की स्प्रिंग ४६ टक्के कडक! पण जाड वेटोळी जागा खातात, म्हणजे राऊंड कमी. शिवाय फार कडक स्प्रिंग राऊंडला लिप्सवर इतकं दाबते की तो पुढे सरकवताना स्लाइडचाच वेग मरतो, आणि स्लाइड बंद असताना भरलेलं मॅगझिन आत बसता बसत नाही. माझं मत विचाराल तर तो एक जास्तीचा राऊंड सोडून द्या, भरल्यावर वरचा राऊंड बोटाने दाबला तर अजून थोडा खाली गेला पाहिजे. आणि स्प्रिंग साफ करून परत घालताना वरचं वेटोळं पुढच्या बाजूला उंच राहील असं घाला, उलटी गेली तर फॉलोअर पुढे झुकतो आणि राऊंड नाक खाली करून रॅम्पला (चेंबरकडे चढणाऱ्या उताराला) आपटतो, हे मी चांगल्या चांगल्या नेमबाजांकडून झालेलं बघितलंय.

फॉलोअरचं एक छान बारीक काम सांगतो. सिंगल स्टॅक (एकाच रांगेच्या मॅगझिनच्या) ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाच्या फॉलोअरवर एक छोटा उंचवटा असतो, शेवटच्या राऊंडवेळी स्प्रिंग सैल असते आणि रिकॉइलने पिस्तूल मागे गेलं की राऊंड जागच्या जागी राहून पुढे निसटू शकतो, त्याला हा उंचवटा अडवून धरतो.

पण खरी जादू फीड लिप्समध्ये. राऊंड कधी सुटणार, कुठल्या कोनात सुटणार हे त्या दोन वाकवलेल्या पत्र्याच्या कडा ठरवतात. अंतर जास्त झालं की राऊंड लवकर सुटतो, नाक वर, टोक चेंबरच्या वरच्या कडेला. कमी झालं की राऊंड खाली दबून राहतो, उशिरा सुटतो, घासत जातो. ९ मिमीची केस बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिमी, म्हणजे ती स्वतःच थोडी निमुळती आहे, त्यामुळे लिप्स पुढे आणि मागे दोन्हीकडे कॅलिपरने मोजायला लागतात, एका जागी मोजून भागत नाही. हजारांश इंचात फरक पडतो. चालणारं मॅगझिन मोजायचं, तो आकडा लिहून ठेवायचा, न चालणारं हळूहळू त्या आकड्याकडे आणायचं, आणि एकदम जोरात वाकवायचं नाही कारण पत्रा थोडा परत येतो आणि सारखा पुढेमागे वाकवला तर तडकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. फीड होतंय का हे घरी बघायचं तर फक्त डमी राऊंड्सवर, खरे राऊंड्स रेंजवरच.

आता टेस्टिंगबद्दल, कारण इथे लोक फार लवकर खूश होतात. १०० राऊंड्स न अडकता गेले म्हणून मॅगझिन पक्कं झालं असं नाही. संख्याशास्त्रात तीनचा नियम आहे, एकही बिघाड न होता जितक्या चाचण्या झाल्या त्यांनी ३ ला भागा, म्हणजे १०० राऊंड्सनंतर तुम्ही ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणू शकता की बिघाडाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आहे. ३०० नंतर १ टक्का. आणि १ टक्का म्हणजे कमी वाटतं पण १५० राऊंड्सच्या मॅचमध्ये निदान एकदा तरी अडकण्याची शक्यता ७८ टक्के होते.

तर ते तीन नंबर. मोजलं तेव्हा पुढच्या बाजूला लिप्स बाकीच्यांपेक्षा ०.३ मिमी रुंद निघाल्या, रीलोड करताना काँक्रीटवर पडून पडून कडा उघडत गेल्या होत्या. तीन बैठकांत थोडं थोडं आत घेतलं, स्प्रिंग बदलली नाही, मुद्दाम. त्यानंतर २०० राऊंड्स गेलेत, एकदाही अडकलं नाही, म्हणजे हिशोबाने दीड टक्का. अजून १०० होईपर्यंत ते प्रॅक्टिसच्या बॅगेतच राहणार आहे, आणि दर महिन्याला लिप्स परत मोजतोय.