अपील गेलं, कॅमेरा आला: फुटबॉलच्या पंचगिरीवरच्या रागाची पार्श्वभूमी

सोलापूर हे क्रिकेटचं गाव. पार्क स्टेडियमवर रणजीचा सामना लागला की कामधंदा सोडून जाणारे इथे आजही आहेत. कोल्हापूरसारखी तालमींची फुटबॉल-परंपरा आपल्याकडे रुजली नाही. तरीही शनिवारी रात्री मोबाइलवर इंग्लंडची प्रीमियर लीग बघणारी पोरं सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत सगळीकडे भेटतात. गोल होतो, आरडाओरडा होतो, मग पडद्यावर 'व्हीएआर' (वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणारे पंच) झळकतं आणि दोन-तीन मिनिटांनी गोल रद्द. "ऑफसाइड कुठं होता बे?" हा प्रश्न मग रविवारभर पुरतो. (ऑफसाइड म्हणजे पास निघताना समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, गोलच्या जवळ असणं.)

गंमत अशी की याच पोरांना क्रिकेटमधल्या डीआरएसचा राग येत नाही. एलबीडब्ल्यूचा चेंडू स्टंपला लागला की नाही हे पडद्यावर दिसलं की वाद मिटतो. फुटबॉलमध्ये पडद्यावर दिसल्यावरच वाद पेटतो. याचं मूळ शोधायला बरंच मागे जावं लागतं.

1863 मध्ये लंडनमध्ये फुटबॉलचे पहिले नियम लिहिले गेले, तेव्हा त्यात रेफरी नव्हताच. सभ्य लोक खेळतायत, ते आपसात मिटवतील, असा समज. ते काही मिटेना, म्हणून दोन्ही संघांनी आपापला एक अंपायर आणायचा, अशी पद्धत पडली. खेळाडूंनी अपील केल्याशिवाय निर्णय नाही, अगदी क्रिकेटसारखं. दोन अंपायरांचं जमलं नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे जायचं. तो रेफरी. 1891 मध्ये हा तिसरा माणूस मैदानात आला, अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले, आणि त्याच वर्षी पेनल्टी किकही आली. पुढच्या काही वर्षांत अपिलाची गरजच उरली नाही. क्रिकेटनं अपील ठेवलं, फुटबॉलनं ते काढून सगळा अधिकार एका शिट्टीत घातला. माझ्या मते आजच्या चिडचिडीचं बीज तिथे आहे.

कारण एका माणसाच्या दोन डोळ्यांना मर्यादा असते, आणि टीव्हीनं ती जगाला दाखवून दिली. 1966 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका क्रॉसबारला लागून खाली आला. चेंडू रेषा ओलांडून गेला होता का, हे आजही जर्मन माणसाला विचारून बघा. अझरबैजानचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांनी गोल दिला. आता बाकूमधल्या स्टेडियमला त्यांचंच नाव आहे! 1986 मध्ये मॅरेडोनानं हातानं मारलेला गोल सगळ्या जगाला दिसला, ट्युनिशियाच्या रेफरींना तेवढा दिसला नाही. 2009 मध्ये थिएरी आन्रीच्या हातानं अडवलेल्या चेंडूवरून फ्रान्सचा गोल झाला आणि आयर्लंडचं विश्वचषकाचं तिकीट हुकलं.

तरी फिफा हलत नव्हती. हलली ती 27 जून 2010 नंतर. दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडला आणि गोल मिळाला नाही. त्याच दिवशी मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेझचा उघड ऑफसाइड गोल मोजला गेला. दोन वर्षांत गोल-लाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली आणि 2014 च्या विश्वचषकात ते वापरलं गेलं. त्यावर आज क्वचितच कुणी भांडतं. चेंडू पूर्ण आत गेला की नाही, एवढाच प्रश्न. उत्तर रेफरीच्या मनगटावरच्या घड्याळात.

या यशामुळे पुढची उडी सोपी वाटली. नेदरलँड्समध्ये प्रयोग झाले होतेच. 2016 मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळानं व्हीएआरच्या चाचण्यांना परवानगी दिली, 2018 मध्ये ते नियमात आलं आणि रशियातल्या विश्वचषकात दिसलं. प्रीमियर लीगनं 2019-20 च्या हंगामात ते घेतलं. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, एवढ्याच चार गोष्टींत, तेही चूक 'स्पष्ट आणि उघड' असेल तरच हस्तक्षेप, असं ठरलं.

पण उघड म्हणजे किती उघड? गोल-लाइन ही मोजायची गोष्ट आहे. फाउल, हँडबॉल ही मताची. चौथ्यांदा स्लो मोशनमध्ये पाहिलेला साधा धक्का गुन्ह्यासारखा दिसतो. हँडबॉलचा नियम तर कॅमेऱ्याच्या काळात गुंतागुंतीचाच झाला. 2019 मध्ये तो नव्यानं लिहिला, 2021 मध्ये पुन्हा बदलला. खेळाडू हात पाठीमागे बांधून बचाव करायला लागले, ते उगाच नाही.

ऑफसाइड खरं तर मोजायचीच गोष्ट, पण तिथेही घोळ झाला. 1990 मध्ये नियम बदलला तो हल्ला करणाऱ्याला फायदा मिळावा म्हणून: बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. व्हीएआर आल्यावर खांदा, गुडघा, बुटाचं टोक मोजू लागले. सेकंदाला 50 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांच्या मधल्या वेळात ताशी 30 किलोमीटर वेगानं पळणारा खेळाडू सोळा-सतरा सेंटिमीटर पुढे सरकतो. मग दोन-चार सेंटिमीटरचा निवाडा कशाच्या भरवशावर? 2022 च्या कतार विश्वचषकात चेंडूतच सेन्सर बसवून हा प्रश्न बराच सोडवला, प्रीमियर लीगमध्ये अर्धस्वयंचलित पद्धत 2025 च्या एप्रिलमध्ये आली.

विश्वास मात्र आधीच तुटला होता. 30 सप्टेंबर 2023, आपल्याकडे रात्री दहाचा सामना, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल मैदानात ऑफसाइड दिला गेला. व्हीएआर खोलीतल्यांना वाटलं, मैदानावर गोल दिलाय. त्यांनी तपासलं, गोल बरोबर आहे असं दिसलं आणि 'तपासणी पूर्ण' म्हणून सांगितलं. खेळ सुरू झाला, चूक लक्षात आली, पण मागे जायची सोय नव्हती. नंतर त्या खोलीतलं संभाषण जाहीर झालं. माणसानं चूक केली हे चाहता पचवतो, पण सगळी यंत्रणा हाताशी असून चूक जशीच्या तशी राहिली, हे कसं पचवायचं?

मग उलट लाट आली. 2024 मध्ये प्रीमियर लीगमधल्या वुल्व्ज क्लबनं व्हीएआर बंद करण्याचा ठराव मांडला, तो 19 विरुद्ध 1 असा पडला. नॉर्वेत चाहत्यांनी मैदानावर माशाचे वडे फेकून सामना बंद पाडला, तरी तिथल्या महासंघानं व्हीएआर ठेवलंच. स्वीडनच्या लीगनं ते घेतलंच नाही.

आपल्याकडे उलटी तक्रार आहे, व्हीएआर नसल्याची. मार्च 2023 मध्ये बेंगळुरूत सुनील छेत्रीनं समोरचा संघ सावरायच्या आत फ्री किक मारून गोल केला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तेव्हा व्हीएआर नव्हतं. केरळला चार कोटींचा दंड झाला. असतं तरी तो वाद सुटला असता का, शंका आहे. फ्री किक घाईनं मारणं त्या चार गोष्टींत बसवायला जरा ओढाताणच करावी लागली असती.

आता फिफा एक स्वस्त पर्याय आजमावते आहे. 2024 मध्ये महिलांच्या 17 आणि 20 वर्षांखालील विश्वचषकांत प्रशिक्षकांना सामन्यात दोनदा दाद मागायची मुभा दिली. दावा खरा ठरला तर संधी शाबूत राहते. रेफरी स्वतः पडद्यावर पाहून निर्णय घेतो, वेगळी खोली नाही. क्रिकेट पाहणाऱ्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी फुटबॉलनं टाकून दिलेलं अपीलच ते परत आणतं.