घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा

स्मार्टवॉच काढून पालथे धरले की काचेखाली हिरवे एलईडी लुकलुकताना दिसतात. त्यांच्या शेजारचे काळे चौकोन म्हणजे फोटोडायोड, परत आलेला प्रकाश मोजणारे. जरा महागाच्या घड्याळात लाल आणि अवरक्त एलईडी असतात, आणि ईसीजीची सोय असेल तर हृदयाची वीज टिपणारे धातूचे इलेक्ट्रोडही. ॲप मात्र नाडी, ऑक्सिजन, झोप, ताण, कॅलरी असे डझनभर आकडे समोर ठेवते. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळे दोनच गोष्टी मोजतात: त्वचेतून परतलेला प्रकाश आणि हाताची हालचाल. बाकी सगळे त्यावर बेतलेले गणित. त्यामुळे कुठला आकडा कितपत मनावर घ्यायचा, हे कळायला या मोजमापांचे मूळ पाहावे लागते.

हिरव्या दिव्याचे मूळ १९३० च्या दशकात आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठातले आल्रिक हर्ट्झमन यांनी त्वचेवर प्रकाश टाकून परत येणारा प्रकाश फोटोसेलने मोजला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या भरतात, रक्त जास्त प्रकाश शोषते आणि परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. या तंत्राचे नाव फोटोप्लेथिस्मोग्राफी, व्यवहारात पीपीजी. हर्ट्झमन यांनी तेव्हाच दोन पथ्ये सांगून ठेवली होती: सेन्सर त्वचेवर घासता कामा नये, आणि इतका दाबताही कामा नये की खालचे रक्त हटून त्वचा पांढरी पडेल. जवळजवळ नव्वद वर्षे झाली, पण घड्याळाच्या बऱ्याच तक्रारी आजही याच दोन पथ्यांशी येऊन थांबतात.

याच तंत्रावर उभा राहिलेला ऑक्सिमीटर जपानचा. निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळ्याच कामात होते. रक्तात रंगद्रव्य सोडायचे, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते किती पातळ होत जाते ते पाहायचे आणि त्यावरून हृदय किती रक्त ढकलते हे काढायचे. आलेखात नाडीची लहर सारखी आडवी येई. ती घालवण्यासाठी त्यांनी दोन तरंगलांबींचे प्रकाश वापरून त्यांचे गुणोत्तर घेतले. लहर गेली, पण रक्तातला ऑक्सिजन कमी होताच ती पुन्हा डोके वर काढू लागली. म्हणजे ज्या लहरीला ते अडथळा समजत होते, तिच्यातच ऑक्सिजनचे माप दडलेले होते. १९७४ मध्ये त्यांनी हे काम मांडले. १९८० च्या दशकात भूल देताना पल्स ऑक्सिमीटर लावणे रूढ झाले.

आजचा बोटाचा ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवतो. ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन सुटलेले जास्त. दोन्ही प्रकाशांतल्या लहरींचे गुणोत्तर आर धरले, तर पाठ्यपुस्तकातले ढोबळ सूत्र ११० वजा २५ आर. आर ०.५ आला की वाचन ९७.५ टक्के, १ आला की ८५ टक्के. प्रत्यक्षात प्रत्येक उत्पादक निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे ७० टक्क्यांपर्यंत उतरवून स्वतःचा तक्ता बनवतो. त्याखालचा आकडा म्हणजे तक्ता पुढे ताणून केलेला अंदाज.

महाराष्ट्रात हे यंत्र घरोघर पोचले ते २०२० मध्ये. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके दारोदारी ताप आणि ऑक्सिजन तपासत फिरली आणि ‘सॅच्युरेशन किती?’ हा प्रश्न बोलण्यात रुळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचे निरीक्षण आले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे यामागचे कारण मानले जाते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीलाही हा मुद्दा लागू पडू शकतो. पण येथल्या दुकानात ऑक्सिमीटर घेताना तो कोणी सांगत नाही.

बोटावर जे जमते ते मनगटावर का अवघड? बोटातून प्रकाश आरपार जातो. मनगटात हाडे आणि कंडरा असल्याने परतलेल्या प्रकाशावर भागवावे लागते, आणि त्यातला नाडीमुळे हलणारा भाग फारच थोडा, जेमतेम एखादा टक्का. नाडीसाठी हिरवा रंग निवडला जातो तो यामुळेच: रक्त हिरवा प्रकाश भरपूर शोषते आणि तो फार खोल जात नाही, म्हणून आतल्या हलणाऱ्या स्नायू-कंडरांचा त्रास कमी. ऑक्सिजनसाठी मात्र खोल जाणारे लाल-अवरक्त लागतात. घड्याळ ‘हात स्थिर ठेवा’ म्हणते ते उगाच नव्हे.

खेळाडूंनी नाडी मोजण्याचा वेगळाच मार्ग धरला होता. फिनलंडच्या औलू परिसरात प्राध्यापक सेप्पो सायनायाकंगास यांनी १९७७ मध्ये पोलार कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीचा पट्टा व मनगटी घड्याळ अशी बिनतारी जोडी बाजारात आणली. हा पट्टा प्रकाश वापरत नाही, हृदयाची वीज टिपतो. म्हणून धावताना आजही तोच सरस ठरतो. पट्टा चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी इलेक्ट्रोडची कापडी बाजू पाण्याने ओली करावी. कोरड्या त्वचेवर पहिली पाच-दहा मिनिटे वेडेवाकडे आकडे येतात, घाम आला की आपोआप सुधारतात. वापरून झाल्यावर पट्टा धुतला नाही तर घामातले मीठ साचून तो लवकर निकामी होतो. (अंगठीत सेन्सर बसवणारी औरा कंपनीही २०१३ मध्ये औलूतच निघाली.)

मनगटावरून सतत नाडी दाखवणारी घड्याळे २०१३ च्या सुमारास आली आणि एप्रिल २०१५ मध्ये ॲपल वॉच आल्यावर हिरवा दिवा घरोघरी पोचला. त्याबरोबर नव्या चुकाही आल्या. सर्वांत फसवी चूक अशी: धावताना हात लयीत हलतो, मिनिटाला साधारण १६० ते १७५ पावले पडतात, आणि सैल घड्याळ नाडीऐवजी तीच लय पकडते. आरामात पळणाऱ्याला १७० नाडी दिसून घाम फुटतो. नाडी आणि पावलांचा वेग तंतोतंत जुळत असेल तर नाडीवर विश्वास ठेवू नये. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवावे, व्यायामापुरता पट्टा एक भोक घट्ट करावा, नंतर सैल सोडावा. थंडीत त्वचेतला रक्तपुरवठा आटतो, तेव्हा आधी हात गरम होऊ द्यावेत. सेन्सरखाली गडद गोंदण असेल तर दुसरा हात वापरावा. खात्री करायची तर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. विश्रांतीत तीन-चार ठोक्यांचा फरक चालून जातो. वीसचा असेल तर घड्याळ नीट बसलेले नाही, किंवा ठोके अनियमित आहेत. दुसरी शक्यता डॉक्टरांना दाखवण्याची.

पावलांचा इतिहास त्यामानाने आटोपशीर. टोकियो ऑलिम्पिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचा पाऊलमापक विकायला काढला आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली. आज प्रत्येक ॲपमध्ये दिसणारे लक्ष्य तिथून आले, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. त्यात सुमारे ७,५०० पावलांपुढे मृत्युदरातला फायदा वाढताना दिसला नाही. आताची घड्याळे हालचाल टिपणारा तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर वापरतात. लयबद्ध हालचाल सलग काही वेळा झाली की ती पावले धरतात, म्हणून पोळ्या लाटताना किंवा खड्ड्यांतून दुचाकी चालवताना पावले वाढतात, आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना हात स्थिर असल्याने खरी पावले बुडतात.

ईसीजी मात्र वेगळ्या घराण्यातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये विलेम आइंटहोवेन यांनी बनवलेले यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात होते, ते चालवायला पाच जण लागत आणि रुग्णाला दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते पाठीवर घेता येईल असे केले. वजन तरीही ३८ किलो. २०१८ च्या ॲपल वॉच सीरिज ४ मध्ये ईसीजी आला तो आइंटहोवेन यांचाच दोन हातांमधला पहिला लीड, म्हणजे हृदयाची वीज पाहण्याचा एक कोन: मागचा इलेक्ट्रोड डाव्या मनगटाला, उजव्या हाताचे बोट घड्याळाच्या बाजूच्या किल्लीवर, ३० सेकंद. हात टेबलावर टेकवावेत आणि बोट दाबू नये, नुसते ठेवावे. दाबल्याने स्नायूंची थरथर आलेखात उतरते. हा एकच लीड आलिंदातली (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली) अनियमित थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ओळखायला उपयोगी. हृदयविकाराचा झटका त्यावरून कळत नाही, त्याला रुग्णालयातला बारा लीडचा ईसीजीच लागतो. छातीत दुखत असताना घड्याळाने ‘सामान्य’ म्हटले म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

राहिली साखर. न टोचता साखर सांगण्याचा प्रयत्न नवा नाही. २००१ मध्ये अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या यंत्राला मंजुरी मिळाली होती. ते सौम्य वीजप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून साखर मोजे. सुरू झाल्यावर तीन तास थांबायचे, बोट टोचून ते जुळवून घ्यायचे, घाम आला तर वाचन गाळले जाई, आणि कातडीवर पुरळ उठे ते वेगळेच. ते टिकले नाही. आता हजार-दोन हजारांच्या घड्याळांवर नुसत्या प्रकाशाने साखर मोजल्याचा दावा दिसतो. आकडे पाहिले की मेख कळते: लिटरभर रक्तात हिमोग्लोबिन साधारण १४० ग्रॅम असते, साखर जेमतेम एक ग्रॅम. शिवाय हिमोग्लोबिनला स्वतःचा रंग आहे, साखरेला नाही. अवरक्तात तिची खूण पाण्याच्या खुणेत मिसळून जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने स्पष्टच सांगितले की स्वतः साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही.

घड्याळात साखरेचा खरा आकडा दिसतो तो दंडावर लावलेल्या सीजीएम, म्हणजे सतत साखर मोजणाऱ्या, सेन्सरकडून आलेला. त्याची सुमारे पाच मिलिमीटरची लवचिक तार त्वचेखालच्या द्रवात राहते आणि चौदा दिवसांच्या आसपास चालते. तो द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून जेवणानंतर साखर चढताना किंवा चालताना उतरताना ग्लुकोमीटरशी फरक पडतो. जुळवून पाहायचेच तर साखर स्थिर असताना पाहावे. सेन्सरच्या कुशीवर झोपल्यास दाबाने द्रव हटतो आणि मध्यरात्री साखर उतरल्याचा खोटा अलार्म वाजतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटत असेल तर वाट न पाहता साखर खावी. तसे काही नसेल तर कूस बदलून बोट टोचून खात्री करावी.