व्यवसाय-चित्रफितींमधील देहबोली

उत्पादन, सेवा किंवा कंपनी यांची माहिती देणाऱ्या चित्रफितीत बोलणारी व्यक्ती नजर, चेहरा, हातवारे आणि बसण्या-उभे राहण्याची ढब यांतून जे पोचवते, ती या प्रकारातली देहबोली. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक अभिनयाचा विचार याहून कितीतरी बारकाईने झाला आहे; मात्र तिथे नट पात्र रंगवतो आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. इथे दुकानाचा मालक किंवा विमा सल्लागार स्वतः म्हणूनच समोर येतो आणि याच्याशी पैशाचा व्यवहार करावा का, हे पाहणाऱ्याला ठरवायचे असते.

हा ठसा फार लवकर उमटतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस व टोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवून दिले, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोक त्याच्या विश्वासार्हतेबद्दल मत बनवतात; जास्त वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, त्याबद्दलची खात्री तेवढी वाढते. मत बरोबर असते असा याचा अर्थ नाही.

चित्रफितीत सर्वांत जास्त फरक पडतो तो नजरेने. बोलणारा लेन्समध्ये पाहतो तेव्हाच तो आपल्याकडे पाहतो आहे असे प्रेक्षकाला वाटते. मोबाइलवर स्वतःचे चित्रण करणारे बहुतेक जण लेन्सऐवजी पडद्यावरच्या आपल्याच चेहऱ्याकडे पाहतात. मिल्टन चेन यांनी २००२ साली व्हिडिओ-संभाषणावर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की नजर कॅमेऱ्याच्या थोडी खाली असली तर समोरच्याला ते फारसे खटकत नाही, पण डावी-उजवीकडे किंवा वर गेली तर पटकन लक्षात येते. म्हणून फोन आडवा धरला की पंचाईत होते: लेन्स बाजूला जाते आणि पडद्याकडे पाहणारा नजर चुकवून बोलतोय असे दिसते. टेलिप्रॉम्प्टरमध्ये लेन्ससमोर तिरक्या बसवलेल्या काचेवर मजकूर उमटतो, त्यामुळे ही अडचण टळते. पण ओळी रुंद आणि यंत्र जवळ असेल तर बुबुळांची ये-जा दिसते आणि माणूस वाचतो आहे हे उघड होते. मुलाखतीत प्रश्नकर्त्याकडे पाहणे प्रेक्षकाला मान्य असते. घटकेत त्याच्याकडे, घटकेत लेन्सकडे पाहणे मात्र डळमळीत वाटते. नजर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरही आता आहेत; ॲपलने २०२० साली फेसटाइम या व्हिडिओ-कॉलच्या ॲपमध्ये आणि एनव्हिडियाने २०२३ साली आपल्या ब्रॉडकास्ट या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय दिली. त्यांतली न हलणारी, रोखलेली नजर काही वेळाने अस्वस्थच करते.

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन व वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ साली केलेल्या देहबोलीच्या वर्गीकरणातले दोन प्रकार इथे कामाचे आहेत: बोलण्याला साथ देणारे हातवारे, आणि अंगठी फिरवणे, कॉलर चाचपणे यांसारखे स्वतःला सावरणारे स्पर्श. पहिल्यांनी मुद्दा समजायला मदत होते, दुसऱ्यांनी घबराट दिसते. शिवाय कॉलरला लावलेल्या माइकमध्ये त्यांची खरखर येते ती वेगळीच. चेहऱ्याच्या अगदी जवळून चित्रण केले तर हात चौकटीबाहेरच राहतात. म्हणून कमरेपासून वरचा भाग दिसेल असे चित्रण बहुधा बरे पडते.

फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली मनापासूनच्या हसण्याची खूण सांगितली: ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. पण तसे हसणे अनेकांना ठरवूनही जमते, हे पुढच्या अभ्यासांत दिसले. मान डोलावण्याचे तर आणखी वेगळे. आपल्याकडे दोन्ही खांद्यांकडे आळीपाळीने कलती डोलावलेली मान बहुधा होकार देते. परदेशी ग्राहकाला तो नकार किंवा टाळाटाळ वाटू शकतो. निर्यातदाराने तेवढे ध्यानात ठेवावे.

या विषयावरच्या शिबिरांत बरेच काही बेधडक सांगितले जाते. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे त्यांतले सर्वांत टिकाऊ. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधील प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रे यांवरून आवड-नावड ओळखण्यापुरते होते. तो सर्व संवादाला लागू नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. कर्जाचा व्याजदर किंवा यंत्राची हमी हावभावांतून समजत नाही. कमरेवर हात ठेवून ऐसपैस उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात, हा २०१० मधील दावाही २०१५ च्या मोठ्या फेरप्रयोगात टिकला नाही, आणि मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ साली त्यावरचा आपला विश्वास उडाल्याचे जाहीर केले.

विश्वसनीय दिसणे आणि असणे यांतले अंतर मोजलेही गेले आहे. बाँड व डीपॉलो यांनी २००६ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले. नाणे उडवले तरी ५० टक्के येतात. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्या मुख्याधिकाऱ्यांच्या बनावट चित्रफितींबद्दल गुंतवणूकदारांना सावध करावे लागले. त्यांत चेहरा व आवाज तंत्राने हुबेहूब उभे करून शेअर खरेदीचे सल्ले दिलेले होते. बाजाराच्या कर्मचाऱ्यांना शेअर सुचवण्याची परवानगीच नसते, हे बाजाराने त्या वेळी सांगितले. चित्रफितीतल्या हावभावांपेक्षा हा नियमच ती खोटी ओळखायला अधिक उपयोगी होता.